एकाच टाइलभोवतीचा ग्राउट

न्हाणीघरातल्या टाइलांमधले सगळे सांधे मी स्वतः ग्राउटने भरले होते. जुना ग्राउट खरवडला, नवा दह्यासारखा घट्ट कालवला, रबरी थापीने दाबून बसवला आणि ओल्या स्पंजने पुसून घेतला. सगळीकडे दगडासारखा धरला. फक्त शॉवरच्या उजव्या भिंतीवरच्या एका टाइलभोवतीचा आठवड्यात भुगा होऊन पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला.

दुकानदार म्हणाला, "काका, पाणी जास्त झालं असणार."

"एकाच टाइलला कसं जास्त होईल? बाकीच्यांनी काय उपास केला होता?"

बायकोचं म्हणणं, मी घाईने पुसलं. तिच्या मते जगातल्या निम्म्या गोष्टी माझ्या घाईने बिघडतात आणि उरलेल्या माझ्या आळसाने.

मी बोटाने ठोकून पाहिलं. बाकीच्या टाइल टणक वाजल्या, ही पोकळ वाजली. तळवा टेकून दाबली तर किंचित आत गेली. म्हणजे टाइल हलते म्हणून सांधा फुटतो. पण भिंतीवरची टाइल आपणहून कशाला हलेल? कुणीतरी वरचेवर दाबत असणार.

काही केल्या ते डोक्यातून जाईना. मी कोरड्या शॉवरखाली उभा राहिलो आणि आंघोळीचं नाटक केलं. माझा हात त्या टाइलकडे गेलाच नाही. बायको दारात आली.

"कपड्यांसकट? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू ये. अंग चोळल्यासारखं कर."

तिने कपाळावर हात मारला, पण आली. तिचाही हात भिंतीला लागला नाही.

उरल्या ताई. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्या त्यांच्या घरी एकट्याच राहत. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना आमच्याकडे आणून ठेवलं. चक्कर पूर्ण थांबली तरच परत घरी, असं त्याने बजावलं होतं. ताईंचा जीव आपल्या घराकडे लागलेला. "मी ठणठणीत आहे," हे त्या दिवसातून दहादा ऐकवत. रविवारी मुलगा येऊन ठरवणार होता.

"ताई, जरा गंमत बघायला येता का?"

"भाऊजी, तुमच्या गमतीत नेहमी मलाच राबावं लागतं," म्हणत त्या आल्या.

"केस धुताना कशा उभ्या राहता?"

"माणसं राहतात तशी." त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली, आणि उजवा हात सरळ त्या टाइलवर गेला. अंगाचा सगळा भार त्यावर आला. टाइल बारीकशी करकरली.

ताईंनी डोळे उघडले, आधी हाताकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. बायको काही बोलणार होती, तिला मी खुणेने थांबवलं.

"डोळे मिटले की भिंत फिरते," ताई हळूच म्हणाल्या. "मुलाला सांगणार?"

"मला टाइलचं कोडं सुटायला हवं होतं, ते सुटलं. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा. पण ही टाइल तुम्हाला फार दिवस सावरणार नाही. आधाराला लोखंडी दांडा हवा, तोही भरीव भिंतीत."

दुसऱ्या दिवशी मी दांडा बसवत असताना ताई स्टूल घेऊन दारात बसल्या आणि एकेक विचारत राहिल्या. भोक किती खोल? स्क्रू गंजला तर? भिंत भरीव आहे हे कळतं कसं? मी ठोकून दाखवलं, त्यांनीही ठोकलं. पुढे तासभर त्या घरातली प्रत्येक भिंत ठोकत फिरल्या. बायको म्हणाली, "आता अशी दोघं झाली."

रविवारी मुलगा आला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच त्याने विचारलं, "आई, चक्कर?"

"येते. केस धुताना, डोळे मिटले की."

त्याचा चेहरा उतरला. "मग घरी कशी..."

"आधी ऐक. काकांना गाडीत घे, आपल्या न्हाणीघरात दांडा बसवायचाय. आणि केस धुवायचे त्या दिवशी मी शेजारणीला बोलावून बसवीन. ती तशीही माझ्याकडेच बसलेली असते."

मुलगा माझ्याकडे वळला. "काका, आमच्या भिंतीत दांडा टिकेल?"

"ठोकल्याशिवाय कसं सांगू?" मी म्हणालो आणि ड्रिल आणायला उठलो.