ती बसायची

मी शिंपी. बायको गेल्यावरही दुकान चालू ठेवलंय, पण काजं-बटणं आता बाहेर करायला देतो. ते काम तिचं होतं.

मुलगा परदेशात असतो. सुनेला मराठी येत नाही, म्हणून नातीलाही येत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती हात हलवते, मी हलवतो, मध्ये मुलगा दुभाष्या. एकदा तिनं त्याला आजीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "शी वॉज नाइस." एवढं इंग्रजी मलाही कळतं.

"अरे, संपली तुझी आई?" मी म्हटलं.

"बाबा, लहान आहे ती. अजून काय सांगू?"

मग मीच सांगायचं ठरवलं आणि झेरॉक्सच्या दुकानावर चालणाऱ्या इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. वर्गात एक ड्रायव्हर, दोन नर्सबाया आणि मी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलाहून लहान.

त्या दिवशी साधा भूतकाळ आणि चालू भूतकाळ होता. मॅडमनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि तिच्या मध्येच फुली मारली. रेघ म्हणजे चालू असलेलं काम, फुली म्हणजे मध्ये घडलेली गोष्ट. मी आंघोळ करत होतो, तेव्हा बेल वाजली.

"आता काका, तुमचं वाक्य."

"माय वाइफ वॉज सिटिंग निअर द विंडो."

"छान. व्हेन...?"

"व्हेन काय?"

"तेव्हा काय झालं? वाक्य लोंबकळतंय ना."

"व्हेन गिऱ्हाईक केम!" ड्रायव्हर मागून ओरडला.

"काही झालं नाही," मी म्हणालो. "ती बसायची."

"मग सरळ साधा भूतकाळ. शी सॅट."

"सॅट म्हणजे बसली. एकदा बसली नि उठली. तसं नाही हो मॅडम. बसायची. रोज."

"काका, किती वेळ बसवताय काकूंना?" एक नर्स हसून म्हणाली. "उठवा की आता."

सगळे हसले. मीही हसलो. वर्गात मी काही सांगितलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, 'बसायची'साठी इंग्रजीत वेगळी सोय आहे, पण तो धडा पुढच्या महिन्यात.

मी दुकानात परत आलो. खिडकीपाशी तिचं स्टूल आहे, त्यावर आता अस्तराचं कापड ठेवतो. टीप मारून मशीन थांबलं की अजून वाटतं, मागून दातानं दोरा तोडल्याचा आवाज येईल. मॅडमच्या त्या रेघेवर फुली कुठे येते ते मला पक्कं ठाऊक होतं. पण नातीला मला रेघ दाखवायची होती.

रविवारी फोन लागला. मी मुलाला म्हटलं, "तू गप्प बस. आज मी बोलणार."

"युवर ग्रँडमदर," मी सुरुवात केली, "वॉज सिटिंग निअर द विंडो. शी वॉज मेकिंग बटनहोल." नात डोळे मोठे करून ऐकत होती. मग मी त्या जाड्या गिऱ्हाइकाची गोष्ट काढली. तो दरवर्षी पँट घेऊन यायचा आणि कापड आटलं म्हणून भांडायचा. एकदा हिनं काजावरची नजर न काढता त्याला म्हटलं, "भाऊ, कापड आटलं तर लांबीलाही आटतं. तुमची पँट पोटावरच कशी आटली?"

आटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. "पँट बिकम स्मॉल," मी म्हणालो. "नॉट लेग. ओन्ली स्टमक."

नात नुसती बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं, पोटावर हात ठेवून. तिनं मान हलवली, ती मला बरं वाटावं म्हणून. माझा धीर सुटला.

तेवढ्यात बाजूनं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. मुलगा हसत होता. खुर्चीवर मागे रेलून, तोंडावर हात ठेवून.

"आई असं म्हणाली? त्याच्या तोंडावर?"

"तोंडावर म्हणजे! तो पैसे देऊन मुकाट निघून गेला."

"हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

नात त्याची बाही ओढू लागली. काय झालं, मलाही सांग, असं ती इंग्रजीत म्हणत होती. तो सांगायला तिच्याकडे वळला. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकानं डोळे पुसले.

"बाबा," तो म्हणाला, "अजून एक सांगा. मराठीत सांगा. मी करतो तिला इंग्रजी."