सत्तेचाळीस नंबरला मी का अडवले

मित्रांनो, मी एक जुना फायरवॉल आहे. नाव भारदस्त असले तरी दिसायला मी राखाडी डबाच, पुढे चार हिरवे दिवे. काम राखणदाराचे. या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या यंत्रांचे निरोप माझ्यातूनच बाहेर जातात. कुणाला सोडायचे आणि कुणाला नाही, हे माझ्यातली यादी ठरवते.

ती यादी दवाखान्याच्या वायरी आणि संगणक सांभाळणाऱ्या वायरकाकांनी लिहिली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मला खोक्यातून काढले, स्वतःच्या रुमालाने पुसले आणि या फळीवर बसवले. "यादीत यंत्राचा नंबर नसेल तर सोडायचं नाही, मग तो कुणी का असेना," असे त्यांनी मला बजावले. एकदा रोग्यांची माहिती चोरू पाहणाऱ्यांना मी परतवून लावले, तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! पुढे काका निवृत्त झाले आणि माझ्यावर धूळ बसू लागली. काही बिघडले की पहिला धपाटा मात्र मलाच.

दोन महिन्यांपूर्वी घड्याळे दुरुस्त करणारे एक आजोबा मुलीचा हात धरून आले. "उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा सरकतोय हो," ते म्हणाले. कॅमेऱ्याच्या ताईंनी त्यांच्या डोळ्याच्या आतला फोटो काढला आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. तो बघून डॉक्टर सांगणार होते, ऑपरेशन आजच करायचे का. पण एक वाजता ते दुसऱ्या ऑपरेशनला उभे राहणार होते. उशीर झाला तर आजोबांचा डोळा जाणार होता.

फोटो गेलाच नाही. मी अडवला होता.

ताईंनी वायर काढून लावली. मला तीनदा बंद-चालू केले. मोबाइलने संगणकाच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला, तर डॉक्टर म्हणाले, "यात मला काहीच कळत नाही." शेवटी ताईंनी वायरकाकांना फोन लावला.

"कॅमेऱ्याचा नंबर किती?" काकांनी विचारले.

कॅमेरा शनिवारीच नवा आला होता. जुन्याच्या पाठीवरची नंबराची चिठ्ठी ताईंनी मोठ्या हौसेने सोलून नव्यावर चिकटवली होती. "चौदा," त्यांनी वाचून सांगितले.

"मग तो यादीत आहे. फायरवॉलचा दोष नाही."

अरे देवा! चिठ्ठीवर चौदा, पण नव्या यंत्राचा आतला नंबर सत्तेचाळीस! मी ओरडून सांगितले असते, पण मला तोंड कुठे आहे? माझ्याकडे फक्त एक वही आहे. ज्याला अडवतो त्याची नोंद मी तिच्यात करतो. ती चार वर्षांत कुणी उघडलीच नव्हती.

साडेबारा वाजले. "काढून टाका तो डबा, थेट जोडा!" व्यवस्थापक वैतागून म्हणाले. आजोबांची मुलगी दाराशी उभी राहून रडू आवरत होती. खरे सांगतो, मलाही वाटले, टाका मला काढून, पण यांचा डोळा वाचू दे.

फोन अजून चालूच होता. त्यातून काका कडाडले, "थांबा! सगळ्या रोग्यांची माहिती उघड्यावर टाकताय? आधी त्याची वही तर वाचा!"

ताईंनी वही संगणकाच्या पडद्यावर उघडली. "सत्तेचाळीस, अडवला. सत्तेचाळीस, अडवला... काका, एकोणीस वेळा! हा सत्तेचाळीस कोण?" त्यांनी धावत जाऊन कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नंबर पाहिला आणि कपाळावर हात मारला. "मेली ती चिठ्ठी!"

काकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी यादीत एक ओळ वाढवली. सत्तेचाळीसला फक्त डॉक्टरांकडे जाऊ द्यावे, बाकी कुठे नाही. फोटो सुटला. एकला दहा कमी असताना डॉक्टरांचा फोन आला, "लगेच घेऊन या!"

आता दर सोमवारी ताई माझी धूळ पुसतात आणि वही वाचतात. मित्रांनो, राखणदारावर जरूर चिडा, पण त्याने काय लिहून ठेवले आहे ते आधी वाचा. आणि घरात नवे कुणी आणलेत, तर राखणदाराला तेवढे सांगत चला.

काल आजोबा तपासणीला आले होते. त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, माझ्या वरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे रोखून पाहिले आणि म्हणाले, "ताई, हे तीन मिनिटं मागे आहे. खाली काढून द्या बघू."