कातण्याची हौस

मुंजाबांच्या लेखांच्या पुस्तकाची छपाईआधीची प्रत श्रेयानं त्यांच्यापुढं ठेवली. उस्मानपुऱ्यातल्या प्रकाशकाकडं ती संपादनाचं काम पाहायची. जन्मभर नाटकं लिहिणाऱ्या या भिडस्त माणसानं पहिल्यांदाच स्वतःच्या आवडींबद्दल लिहिलं होतं: जुने रेडिओ, हर्सूलच्या तलावावरचे पक्षी आणि चातीवर, म्हणजे हातानं फिरवायच्या टकळीवर, लोकर कातणं. नाटकातला संवाद अडला की ते आजही चाती फिरवत बसत.

कातण्याच्या लेखाला आता नवंच नाव होतं, 'मेंढरांमागची वणवण'. शेवटी, लहानपणी घरात उपाशीपोटी लोकर कातल्याच्या दोन ओळी जोडल्या होत्या.

"हे मी लिहिलेलं नाय," ते पुटपुटले.

"थोडा संघर्ष आणला, काका. नुसत्या छंदात लोकांना काय मिळणार?"

आपल्याच लेखात दम नसेल, असं वाटून ते नेहमीप्रमाणं गप्प बसणार होते. तेवढ्यात टेबलावरचं, याच प्रकाशकानं काढलेलं एका निवृत्त न्यायाधीशांचं पुस्तक त्यांना दिसलं. विषय, बागेतले गुलाब.

"या साहेबांना उपाशी ठेवलं का तुम्ही, गुलाब लावताना?"

"अहो, तो त्यांचा छंद आहे!"

"अन् माझा? धनगराच्या पोरानं हौसेनं कातूच नये व्हय? माझा बाप पोटभर जेवून, गाणं म्हणत कातायचा!"

शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. मुंजाबांचे कान तापले, पण आवाज खाली आला नाही.

"बसा काका, पाणी देते."

"पाणी नको. ते नाव अन् त्या दोन ओळी काढा, माझ्यासमोर. नायतर पुस्तकच छापू नका."