पंचफुलाची शिकवणी

गोविंदाच्या वाट्याचं बोलणं पंचफुलाच करायची, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. कृषी केंद्रात बियाणं मागायचं असो की सोयऱ्यांच्या बैठकीत मत द्यायचं असो, गोविंदानं तोंड उघडेपर्यंत पंचफुलाचं सांगून झालेलं असे. बावीस वर्षांत त्यानं कधी तक्रार केली नव्हती. म्हणजे केली असेलही, पण थांबून ऐकायला तिला सवड कुठे होती?

त्या बुधवारी सकाळी कापसाच्या ट्रॉलीवर दोर आवळताना गोविंदा घसरला आणि त्याचं डोकं दगडावर आपटलं. पाच मिनिटं निपचित पडून होता. मग उठला, कपडे झटकले, चहासुद्धा प्यायला. तासाभरानं डोकं धरून बसला, तेव्हा पंचफुलानं त्याला ऑटोत घातलं आणि घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी तपासून त्याला नजरेखाली ठेवायला सांगितलं. विजयमाला सिस्टरनं त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारली, दोन्ही हातांनी आपली बोटं दाबायला लावली, नाडी आणि बीपी पाहिलं. मग विचारलं, नाव काय, आता कुठे आहात, आज वार कोणता. गोविंदा वारापाशी अडला. पंचफुलानं लगेच बुधवार सांगून टाकलं. सिस्टरनं तिला गप्प बसवलं. डोक्याच्या आत रक्त साचलं तर बाहेरून काही दिसत नाही, ती म्हणाली. कवटी फुगत नाही, आतला दाब वाढतो आणि मेंदू दबत जातो. म्हणून दर अर्ध्या तासानं हेच सगळं पाहायचं, आणि फरक पडला तर यवतमाळला हलवायचं.

पंचफुलानं यातलं एवढंच पकडलं की नवरा नापास झाला तर यवतमाळला नेऊन त्याचं डोकं उघडतील. तिच्या देखत तिचा माणूस नापास होणार? सिस्टरची पाठ वळताच तिनं शिकवणी सुरू केली.

"म्हना, बुधवार. घाटंजीचा दवाखाना. बुधवार, घाटंजी."

गोविंदाला झोप आवरत नव्हती, तरी बिचारा म्हणत राहिला. मधे त्याला दोनदा उलटी झाली, तीही तिनं फडक्यानं पुसून घेतली आणि कोणाला कळू दिली नाही. पुढच्या दोन्ही खेपांना तो पास झाला. पंचफुला अशा ऐटीत बसली होती, जणू तिचाच पहिला नंबर आला.

चौथ्या खेपेला सिस्टरनं अजून काही विचारलंच नव्हतं. डोळे मिटलेला गोविंदा आपणच म्हणाला, "बुधवार."

सिस्टर थबकली. तिनं पंचफुलाला हात धरून त्याच्यासमोर उभं केलं, त्याला हलवून डोळे उघडायला लावले आणि विचारलं, "ही बाई कोण आहे?"

गोविंदानं बायकोकडे बराच वेळ पाहिलं.

"घाटंजी," तो म्हणाला.

पंचफुला हातपाय गाळणारी बाई नव्हती. सिस्टर नाडी मोजत होती तोवर तिनं सगळं कबूल केलं: शिकवलं ते तिनंच, दोनदा ओकला तेही तिनंच पुसलं, आणि मघापासून त्याच्या उजव्या हाताची पकड ढिली झाली होती. सिस्टरला रागवायला वेळच नव्हता. नाडी बावन्नवर उतरली होती, बीपी चढलं होतं, डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी झाली होती. तिनं डॉक्टरांना हाक मारून ठाम सांगितलं, डोक्यातला दाब वाढतोय, आत्ताच निघायला हवं. डॉक्टरांनी दाब उतरवायची सलाईन लावली आणि दहा मिनिटांत गाडी सुटली.

"वेळेत कळलं," निघता निघता सिस्टर पंचफुलाला म्हणाली. "वाचतील."

यवतमाळला त्याच दुपारी ऑपरेशन झालं, साचलेलं रक्त निघालं. तिसऱ्या दिवशी खाटेभोवती सोयरे जमले असताना तिथल्या डॉक्टरांनी पंचफुलाकडे बोट करून विचारलं, ही कोण? गोविंदाचे थोरले भाऊ पुंडलिकराव सांगायला पुढे झाले, तशी पंचफुलानं त्यांना अडवलं.

"कोणी सांगू नका. त्याईले आठवू द्या."

तिच्या जिभेवर उत्तर आलेलं होतं. तिनं पदर दातांत धरला आणि थांबली. आयुष्यात ती एवढी कधी थांबली नव्हती.

गोविंदानं ओठ ओले केले.

"हे?" तो म्हणाला. "हे मले बोलूच देत नाही."

बरोबर आहे का, म्हणून डॉक्टरांनी पंचफुलाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं नुसती मान डोलावली.