बसलेला आवाज

अण्णांचा आवाज जानेवारीत बसला, तो हॉलच्या छतात बसला. महिन्याभरात अण्णा गेले, पण आवाज काही तिथून उठला नाही.

आवाज जड होता. बत्तीस वर्षं अण्णांनी मिरजेच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या होत्या. एवढा आवाज प्लास्टरच्या छताला पेलवणं कठीणच. छत आठवड्याला चार बोटं खाली यायला लागलं. फेब्रुवारीत पंखा उतरवावा लागला. मार्चमध्ये विनयाने केस वर बांधणं सोडलं. एप्रिलमध्ये ती शाळेत शिकवून घरी आली की दारातच मान वाकवायची आणि निजायच्या खोलीत गेल्यावरच सरळ करायची. आई मुळात बुटकी, तिला काही फरक पडला नाही.

"जन्मभर स्टँडवर वरून बोलले," मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "आता घरातही वरूनच."

छतातून बोलणं ऐकू यायचं, पण शब्द लागायचे नाहीत. रेडिओवर कोणी गादी टाकावी तसं वाटायचं. दुपारची जेवणं झाली की सुरू व्हायचं. सहा-सात शब्दांचं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. विनयाला त्या वाक्याची लांबी ओळखीची होती. दवाखान्यातून घरी आणल्यावर, याच हॉलमध्ये कॉटवर पडून, अण्णांनी ते तिला तीनदा सांगितलं होतं. तेव्हा त्यांच्या तोंडातून नुसती हवा येत होती. दोनदा तिने "काय?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहून तिला विचारवेना. "हो अण्णा, कळलं," ती म्हणाली. अण्णांनी उशीवर मान टेकली आणि पुढचे अकरा दिवस, म्हणजे शेवटपर्यंत, बोलायचा प्रयत्नच केला नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

नंतर आईने विचारलं होतं, काय म्हणत होते गं? विनयाने सांगितलं, सांगते मग. आईने पुन्हा विचारलं नाही. पण रोज दुपारी छत बोलायला लागलं की ती निवडणं थांबवून विनयाकडे बघत राहायची.

तेव्हा छताला तोंड पाडायला हवं होतं.

तशी घरात होम थिएटर करायची हौस अण्णांचीच. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे फॉल्स सीलिंग करून घेतलं आणि त्यात स्पीकरच्या वायरी सोडून ठेवल्या. स्पीकर छतातच हवेत, यावर ते ठाम होते. समोरून आलेल्या आवाजाशी लोक हुज्जत घालतात, वरून आलेला ऐकून घेतात, असा त्यांचा अनुभव होता. पुढे दर दिवाळीला ते दुकानात जायचे, सगळं विचारून घ्यायचे आणि माहितीपत्रक घेऊन परत यायचे. अशी नऊ पत्रकं टीव्हीखालच्या खणात होती. विनयाने ती पिशवीत घातली आणि ती सांगलीला माणगाव्यांच्या दुकानात गेली.

माणगावे साठीचे होते, गळ्यात दोरीला चष्मा. दुकानाच्या छतात पन्नासेक गोल पांढऱ्या जाळ्या बसवलेल्या होत्या आणि त्या सगळ्या श्वास घेत होत्या. माणगाव्यांनी खोलीची लांबी-रुंदी विचारली, तिने सांगितली. उंची विचारली, तेव्हा ती म्हणाली, आज सकाळी पाच फूट होती. त्यांनी आकडा लिहिला आणि शेजारी तारीख टाकली.

मग त्यांनी सगळं सावकाश समजावलं. आठ इंची घेतला तर आवाज भरदार येतो, पण छोट्या खोलीत घुमतो. साडेसहा इंचीत शब्द स्वच्छ कळतात, आणि मधला बारका भोंगा ऐकणाऱ्याच्या दिशेला वळवता येतो. सिनेमाची मजा हवी तर पाच तरी बसवावेत. दवाखान्यानंतर विनयाच्या हातात जे उरलं होतं त्यात पाच बसण्यासारखे नव्हते. तिने तसं सांगून टाकलं. माणगाव्यांनी चष्मा काढला.

"आवाज नवा बसवायचाय, की आधीच बसलाय?"

"आधीच बसलाय."

"कोणाचा?"

"वडिलांचा. जानेवारीत."

"मग तुमचं थोडक्यात भागेल, ताई. बसलेल्या आवाजाला अँप्लिफायर लागत नाही. नुसतं तोंड लागतं."

तिने साडेसहा इंची निवडला. एकच द्या म्हणाली. तिला सिनेमा बघायचा नव्हता, एक वाक्य ऐकायचं होतं. माणगाव्यांनी मान हलवली. हे जोडीनेच येतात, एक नेला तर दुसरा रडून दुकान डोक्यावर घेतो. दुसरा मी खोक्यात ठेवीन, असं विनया म्हणाली. तेही चालत नाही, दोन्ही बसवावेच लागतात.

"घरात आणखी कोणाचा आवाज बसलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," विनया म्हणाली. घसा खवखवत होता, म्हणून तिने ते दोनदा म्हटलं.

माणगावे रविवारी सकाळी स्वतःच आले. छत आता आईच्या डोक्यावर जेमतेम चार बोटं होतं. तीस वर्षांत शिडीशिवाय केलेलं हे पहिलंच काम, असं म्हणत ते गुडघ्यांवर बसले. त्यांनी पुठ्ठ्याचा गोल छताला लावून पेन्सिल फिरवली, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि बारीक करवतीने कापायला घेतलं. पांढरा भुगा पडत राहिला. आईने मेथीवर परात पालथी घातली. कापलेल्या दोन चकत्या माणगाव्यांनी आईच्या हातात दिल्या, त्या तिने भाकरीच्या डब्यात ठेवल्या.

वायरी आपण होऊन खाली आल्या. डावा स्पीकर बसला. उजवा बसला. माणगाव्यांनी डाव्याचा भोंगा अंगठ्याने आईकडे वळवला.

डाव्या जाळीवर आतून कोणी दोनदा टिचकी मारली. मग खाकरणं ऐकू आलं, माईक हातात घेतल्यावर अण्णा खाकरायचे तसंच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आईने पदर सावरला.

"विनया," डावा स्पीकर म्हणाला. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. "तुझ्या आईला एवढं..."

"हो अण्णा, कळलं," उजवा स्पीकर म्हणाला.

आवाज विनयाचा होता, जानेवारीतला, जरा घाईचा. डावा लगेच थांबला. उशीवर मान टेकल्याचा आवाज आला.

"दुसराही बसलेलाच होता की," माणगावे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "तुम्ही नाही म्हणालात." त्यांनी करवत पुसली, पुठ्ठ्याचा गोल काखेत धरला, एक स्पीकर काढला तर दोन्ही आवाज जातील एवढं बजावलं आणि ओणव्यानेच ते दाराबाहेर पडले.

थोड्या वेळाने पुन्हा दोन टिचक्या, खाकरणं. प्रवाशांनी लक्ष द्यावे. या वेळी विनयाने गुडघ्यांवर सरकत जाऊन उजव्या जाळीवर तळवा दाबून धरला. तळव्याखाली जाळी ओठांसारखी हलली, आणि "तुझ्या आईला एवढं" याच्या पुढे तिच्या बोटांच्या फटीतून तेच आलं. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हात लावले. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"मला काय गं?" आईने विचारलं. ती परात उचलून उभी होती. "काय एवढं सांगायला सांगितलंय?"

मला कळलं नव्हतं, आई, असं विनया म्हणाली. तोंडातून नुसती हवा आली.

"काय?"

विनयाने पुन्हा सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, अण्णांसारखा. पुन्हा हवाच आली.

"काय म्हणतेस?"

विनयाने तिसऱ्यांदा सांगितलं. आई तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने परात खाली ठेवली.

"हो बाळा," आई म्हणाली, "कळलं."

आणि छत पहिल्यांदाच आईच्या अंबाड्याला टेकलं.