दोघांचा खोकला

आईचा रिपोर्ट आला त्या दिवशी बाबांनी सिगरेट सोडली. त्याआधी त्यांनी ती अकरा वेळा सोडली होती, दर वेळी 'उद्यापासून' असं म्हणून. आई म्हणायची, "यांचा उद्या कॅलेंडरात नसतो."

आमचे बाबा कवळ्या करायचे. खाली रस्त्याला लागून दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि वरच्या मजल्यावर आमचं घर. मागच्या खोलीत बाबांचं टेबल होतं. मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून मेण सारखं करायचं, आणि त्याच दिव्यावर पुढची सिगरेट पेटवायची. असं तीस वर्षं चाललं होतं. आई पोहण्याच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायची. बाबा तिला 'मासोळी' म्हणायचे, चारचौघांतसुद्धा. तिने आयुष्यात एक झुरका घेतला नव्हता. तिच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली, आणि कळलं तोवर ती बरीच पसरली होती.

"पण ओढतो मी," बाबा डॉक्टरांना म्हणाले, जणू रिपोर्टवरचं नाव चुकलं होतं. "हिने कधी हातसुद्धा लावला नाही हो."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "कशामुळे झालं ते नेमकं नाही सांगता येत. पण आता घरात धूर नको."

बाहेर आल्यावर बाबांनी खिशातलं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आईने ते बघितलं. टॅक्सीत बसल्यावर तिने त्यांचा हात धरला.

मी दुसऱ्या गावी शिक्षिका आहे. आईचं करायला म्हणून दोन महिन्यांची रजा काढून आले. पहिल्या पंधरवड्यात करावं लागलं ते बाबांचंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं डोकं ठणकायला लागलं. मग घाम, मग हाताला कंप. तोंड आलं, जिभेच्या कडेला पांढरे फोड उठले. पोट साफ होईना. भर दुपारी बसल्याजागी डोळा लागायचा आणि दचकून जाग यायची. बोलता बोलता हात आपोआप ओठांकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आणि खोकला तर असा सुटला की भिंतीपलीकडची शेजारीण आईला बघायला आली आणि बाबांसमोर सफरचंदं ठेवून म्हणाली, "काळजी घ्या हो, लवकर बऱ्या व्हाल... म्हणजे, बरे व्हाल." आई एवढी हसली की तिलाही खोकला आला.

"बघा," ती म्हणाली, "आता दोघंही खोकतोय. तुमचा जाणारा, माझा राहणारा."

बाबा उठून आतल्या खोलीत गेले.

खालच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की सोडल्यावर खोकला आधी वाढतो, छाती साफ होत असते. तलफ आली की पाणी प्या, चाला, काहीतरी चघळा. चार-पाच मिनिटं काढलीत की ती ओसरते. बाबांनी लवंगा चघळल्या, बडीशेप चघळली, शेवटी माझ्या लाल पेन्सिली चघळल्या. पण त्या चार-पाच मिनिटांत नेमकं करायचं काय, ते त्यांना आईने शिकवलं.

ती उशांना टेकून बसलेली असायची. औषधांनी चेहरा उतरलेला, तरी आवाज तलावावरचा. "इकडे या. बसा. खांदे सोडा. पाण्याला घाबरलेला माणूस हातपाय मारतो आणि म्हणून बुडतो. तुम्ही काही करू नका. नाकाने घ्या. एक, दोन, तीन, चार. आता सोडा, हळू, सगळा सोडा."

सोडतानाचे आकडेही तीच मोजायची. पहिल्या आठवड्यात एका दमात आठपर्यंत जायची. तिसऱ्या आठवड्यात पाचला थांबून श्वास घ्यायला लागली. बाबा डोळे मिटून बसलेले असायचे. तिचं थांबणं त्यांना ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. मला येत होतं.

कामाचा तर विचका झाला. एका निवृत्त हेडमास्तरांच्या कवळीत बाबांनी समोरचा दात तिरका बसवला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली, वर चिठ्ठीही गोड होती. 'घाई नाही, तब्येत सांभाळा.' बाबांनी चिठ्ठी वाचली आणि कवळी भिंतीवर फेकली.

त्याच सकाळी, म्हणजे सिगरेट सोडल्याच्या नवव्या दिवशी, आई न्हाऊन, केस विंचरून, हिरवा ड्रेस घालून बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी तिला जरा बरं वाटत होतं.

"अहो, मला तलावावर घेऊन चला ना. पाण्यात नाही उतरत. नुसतं काठावर बसते तासभर. बायका भेटतील."

बाबा दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. "इथे माझं डोकं फुटतंय आणि तुला तलाव सुचतोय! जरा माणसाचा विचार करत जा. उद्या बघू."

"मी नेते," मी म्हणाले.

"नको," आई म्हणाली. "यांच्याबरोबरच जायचं होतं." ती आत गेली आणि ड्रेस बदलून आली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तो उतरला तेव्हा पायातलं बळ घेऊनच उतरला. त्यानंतर आई घराबाहेर पडली ती फक्त हॉस्पिटलसाठी, खुर्चीतून.

बाबांनी त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. फक्त त्यांचं कुरकुरणं बंद झालं. डोकं दुखलं तर ओला रुमाल बांधायचे आणि आईचे पाय चेपत बसायचे. हात थरथरायचा, पण चेपण्यात ते कळायचं नाही.

महिना होत आला तेव्हा एकदा आईने हट्टाने खुर्ची गॅसजवळ घेतली आणि बसल्या बसल्या भाजी केली. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"मीठ जास्त झालंय."

आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना. "लागलं? खरंच लागलं जिभेला?"

"लागणार नाही तर काय? खारट आहे."

"अहो, तेवढंच घालते मी. वीस वर्षं झाली. तुम्हाला सगळं अळणी लागायचं. पानात वरून घ्यायचात. मग मीच जास्त घालायला लागले."

"आणि तू?"

"मी काय, तेच खायचे. वेगळं कोण शिजवत बसणार?"

बाबांनी भाजी सगळी खाल्ली. पातेलंसुद्धा पुसून घेतलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आई मला म्हणाली, "तिकडे जाऊ नकोस. राहू दे त्यांना."

आई गेली सत्तेचाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. खिडकीतून ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. श्वास अडखळायला लागला तसे बाबा तिच्या कानाशी वाकले आणि मोजायला लागले. "नाकाने घे. एक, दोन, तीन, चार. सोड. हळू." किती वेळ मोजत होते कोण जाणे. थांबायचं कधी, ते मला सांगावं लागलं.

दुपारी घर माणसांनी भरलं. जिन्यात मामाने, आईच्या धाकट्या भावाने, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाकीट पुढे केलं. वाईट हेतू नव्हता त्याचा. "घ्या भावोजी. आता कोणासाठी पाळायचं?"

बाबांनी एक काढली. बोटांत धरली, सवयीने नखावर दोनदा आपटली. मी वरच्या पायरीवर उभी होते. मला वाटलं, ओढू दे, आज ओढली तर ओढली. पण त्यांनी ती परत पाकिटात सरकवली.

"नको रे. तिचे शेवटचे दिवस माझी ही सोडवण्यात गेलेत."

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघंच जेवत होतो. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तलावावर न्यायला हवं होतं मी तिला. डोकंच दुखत होतं ना? दुखलं असतं तलावावर. नंतर रागावली होती का ग ती?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत. मग म्हणाली, त्यांचाही जीव तडफडतोय."

त्यांनी मान हलवली. "संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.

याला आता दहा महिने झाले. बाबांचा खोकला गेला. हात स्थिर झाला, हेडमास्तरांची कवळी नवी करून दिली, ती म्हणे तोंडात जन्मल्यासारखी बसली. वजन वाढलं, शर्टाची बटणं लागत नाहीत. तपासणीत डॉक्टर म्हणाले, छाती छान सुधारली आहे. ते सांगायला बाबांनी फोन केला तेव्हा आवाज असा होता की मला वाटलं, काहीतरी वाईट निघालं. "माझी सुधारली," ते म्हणाले. "माझी!"

गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यांचा पुन्हा फोन आला. शाळा नुकती सुटली होती.

"मला आता वास यायला लागलाय. सगळ्याचा येतो. पावाचा येतो, जिन्यात फरशी पुसली की त्याचा येतो. म्हणून आज तिचं कपाट उघडलं."

मी हातातल्या वह्या पायरीवर ठेवल्या.

"तिचा वासच नाही ग. सगळ्या कपड्यांना माझाच येतो. धुराचा. स्वेटरला, चादरीला, तिच्या आतल्या कप्प्यातल्या रुमालांना. एकही सुटला नाही."

मी मिळेल ती बस पकडली. घरी पोचले तेव्हा गच्चीवरच्या चारही दोऱ्या भरल्या होत्या. आईचे ड्रेस, ओढण्या, स्वेटर, टॉवेल, सगळं निथळत होतं. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीशी वाकले होते. बोटं सुरकुतून पांढरी पडली होती.

"म्हटलं, वरचा माझा गेला की खालचा तिचा येईल," ते म्हणाले.

"आला?"

"साबणाचा आला."

बादलीत एक चादर उरली होती, जड, दोन माणसांची. एकट्याला पिळण्याजोगी नव्हती. मी चपला काढल्या, एक टोक धरलं, त्यांनी दुसरं धरलं, आणि आम्ही ती उलटसुलट पिळत राहिलो, पाणी यायचं थांबलं तरी.