तात्यारावांचा दांडा

मित्रांनो, रस्त्याला जरासा उतार लागला की माझ्या चाकांत कापरं भरतं. तुम्ही मला बाहेरून पाहिलंत तर हसाल. हिरवागार रंग, पुरुषभर उंची, चारही चाकांना इंजिनाचा जोर, पाठीवर रुंद हौदा. अशी ही धिप्पाड लष्करी पिकअप आणि म्हणे उताराला भिते! हसा खुशाल. पण माझी हकिगत ऐकलीत, तर पुढच्या वेळी उतारावर गाडी उभी दिसली की तुम्हीही दोन पावलं बाजूने जाल.

माझा जन्म जबलपूरचा, लष्कराच्या कारखान्यातला. जन्मले लष्करात आणि निघाले भित्री, हे माझं नशीब. उमेदीची वर्षं मी डोंगरातल्या रस्त्यांवर काढली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि हौद्यात कधी रॉकेलची पिंपं तर कधी आजारी जवान. तिथे माझा जीव राखला तो माझ्या हँडब्रेकने. तुमच्या आजच्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. माझा तसा नव्हता. माझ्या पोटाखाली जो शाफ्ट फिरतो, त्याला तो गिअरपेटीच्या मागेच मिठी मारायचा. चालकाने शेजारचा दांडा कटकट वाजवत ओढला की मी जागच्या जागी खिळायचे. तो आवाज ऐकला की मला झोप लागायची.

लष्कराने मला लिलावात काढलं तेव्हा मला घेतलं तात्यारावांनी. ते देहूरोडच्या डेपोत चालक होते. निवृत्त झाले आणि मला घेऊन बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावरच्या आपल्या वस्तीत आले. माझ्या पाठीवरून त्यांनी विटा नेल्या, मार्केट यार्डातला कांदा नेला, खडकवासल्याच्या बाजूला घरं उठत होती तिकडे सळया नेल्या. पण माझा मानाचा दिवस एकच, चौदा एप्रिल. त्या दिवशी हिराबाई, म्हणजे तात्यारावांच्या पत्नी, मला स्वतः धुवायच्या. मग माझ्या हौद्यात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवली जायची आणि वस्तीची सकाळची फेरी निघायची. पुढे पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि मुलंबाळं, मागे मी, चालत्या माणसाच्या पावलाने.

फेरीचा शेवट विहाराशी व्हायचा. विहार उतारावर आहे. तिथे सगळे रस्त्यावरच बसायचे आणि वंदना सुरू व्हायची. वंदनेच्या वेळी इंजिन बंद, ही वस्तीची रीत. तात्यारावांची त्यावर स्वतःची एक शिस्त होती. पुढे माणसं बसलेली असताना ते मला कधी गिअरमध्ये ठेवत नसत. "चालू करताना गाडीने उसळी मारली तर? पुढे लेकरं असतात," असं ते म्हणायचे. म्हणून ते गिअर मोकळा करायचे, दांडा ओढायचे, ब्रेकवर दोन-तीनदा पाय मारून खात्री करायचे, चपला काढायचे आणि हात जोडून डोळे मिटायचे. इतकी काळजी घेणारा चालक मी लष्करातही पाहिला नव्हता.

पुढे काळ बदलला. रस्त्यावर रोज नव्या तोंडवळ्याची गाडी दिसू लागली. माझं पेट्रोल कुणाला परवडेना. त्यात तात्यारावांना मोतीबिंदू झाला आणि मी ताडपत्रीखाली गेले. मित्रांनो, ताडपत्रीखालची भीती वेगळी असते. भंगारवाला येऊन हातोडीने अंग ठोकून बघायचा आणि म्हणायचा, "पत्रा चांगला जाड आहे." कौतुकाने अंगावर काटा येतो, हे मी तेव्हा शिकले. दर वेळी हिराबाई त्याला दारातूनच सांगायच्या, "अहो, आमचे हेही घरातच पडून असतात, त्यांनाही नेता का?" तो निमूट जायचा. असा सहा-सात वर्षं माझा जीव टांगणीला होता.

मला बाहेर काढलं तात्यारावांच्या लेकीने, दीपालीने. ती कॉम्प्युटर इंजिनिअर. रोज कोपऱ्यावरून कंपनीची बस तिला हिंजवडीला न्यायची. रविवारी ती माझी ताडपत्री उचलायची आणि आत बघत बसायची. एका रविवारी तिने सांगून टाकलं, "तात्या, मी हिला पुन्हा उभी करणार. नवीन इंजिन, पॉवर ब्रेक, मोठे टायर. एकदम मस्त रिस्टोर करू. चौदा एप्रिलला हीच गाडी पुढे."

"चालेल तरी का?" तात्याराव म्हणाले. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

मला ओढून मार्केट यार्डामागच्या संपतच्या गॅरेजमध्ये नेलं. तिथले महिने आठवले तरी अजून माझे नटबोल्ट ढिले होतात. गॅस कटरची निळी ज्योत माझ्या दिशेने यायची तेव्हा पळावंसं वाटायचं, पण चाकंच काढून ठेवलेली! जुनं इंजिन गेलं, डिझेलचं आलं. जुनी गिअरपेटी नव्या इंजिनाला बसेना, म्हणून तीही गेली आणि दुसरीच आली. या दुसऱ्या पेटीच्या मागे माझ्या हँडब्रेकला जागाच नव्हती.

"मॅडम, हँडब्रेक आता मागच्या चाकांनाच द्यायला लागेल," संपत म्हणाला. "वायर, पट्ट्या, सगळं नवीन करायचं. महिना धरा."

"चौदा तारीख आली रे. नंतर करू. तोवर मी गिअरमध्ये लावते, चाकाखाली दगड ठेवते."

"तुमच्या हातात आहे तोवर ठीक आहे. आणि हा दांडा? टाकून देऊ?"

दीपाली थांबली. आदल्या रविवारी तात्याराव गॅरेजमध्ये आले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना चांगलं दिसत होतं. मला उघडी-बोडकी बघून ते गांगरले, पण मग त्यांचा हात आपोआप त्या दांड्यावर गेला. मूठ झिजून त्यांच्या तळहाताच्या मापाची झाली होती. हे सगळं दीपालीने पाहिलं होतं.

"ठेव तो," ती म्हणाली. "होता तिथेच बसव. ओढला की कटकट वाजायला हवा."

"नुसत्या आवाजाचा काय उपयोग, मॅडम?"

"तात्यांना लागतो तो आवाज. नसला तर त्यांना वाटेल, गाडी आपली राहिलीच नाही."

संपतने खांदे उडवले आणि दांडा बसवला. खाली कशालाच न जोडलेला. पॉलिश केल्यावर काय चकाकत होता म्हणून सांगू! ओढला की कटकट वाजायचा आणि त्या आवाजाने मला धडकी भरायची. माझ्या पोटात काही नाही, हे मला कळत होतं. सांगणार कुणाला? दिसतं तसं नसतं म्हणतात ना, ती मी होते.

चौदा एप्रिल उजाडला. हिराबाईंनी मला धुतलं, हार घातला. बघणारे बघतच राहिले. कुणी टायरला हात लावून पाहिला, कुणी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. चालवणार होती दीपाली. मी म्हटलं, चला, निभावलं. तेवढ्यात वस्तीतले जुने दत्तोबा पुढे आले.

"तात्याराव, आज तुम्ही चालवायची. तुमच्याशिवाय या गाडीला शोभा नाही."

चार जणांनी आग्रह केला. तात्याराव नको नको म्हणाले, पण त्यांचे डोळे पाणावले. दीपालीने किल्ली पुढे केली. मग तिने तोंड उघडलं. मी जिवाचा कान केला. सांग गं बाई, आत्ताच सांग! पण वडिलांचा हात त्या दांड्यावर टेकलेला तिने पाहिला आणि तोंड मिटलं. वाटेत सांगू, असं तिने मनाशी ठरवलं असावं. तेवढ्यात तसबीर डुगडुगते म्हणून तिला कुणीतरी हौद्यात चढायला बोलावलं.

फेरी निघाली. सगळे आनंदात, आणि मी एकटी भीतीने गारठलेली. रस्त्याला चढ होता तोवर मी श्वास घेत होते. मग वळण आलं आणि विहाराचा उतार सुरू झाला.

तात्यारावांनी मला हळुवार थांबवलं. गिअर मोकळा केला. दांडा ओढला. कट, कट, कट. इंजिन बंद केलं. ब्रेकवर खात्रीसाठी दोन-तीनदा पाय मारला. मित्रांनो, पॉवर ब्रेकची शक्ती चालू इंजिनातून येते. इंजिन बंद झाल्यावर तिचा थोडा साठा उरतो, तो या दोन-तीन दाबांत संपला. मग त्यांनी चपला काढल्या आणि पाय उचलून घेतले.

मी हलले नाही. माझं पुढचं चाक डांबरातून वर आलेल्या एका खडीला टेकलं होतं. त्या खडीवर माझा सगळा भार होता. माझ्या बंपरपासून चार हातांवर पहिली रांग बसली होती, माझ्याकडे पाठ आणि विहाराकडे तोंड करून. बरोबर मध्ये हिराबाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना वस्तीतली लहान मुलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. वंदना सुरू झाली. मीही मनात हात जोडले आणि त्या खडीला विनवत राहिले, सुटू नकोस.

प्रणामासाठी हौद्यात दीपाली गुडघ्यांवर बसली. तिचा भार पुढे सरकला, आणि माझं चाक खडीवरून उतरलं.

मी चालू लागले. आवाज नाही, धूर नाही. पुढची माणसं डोळे मिटून आपल्या भरवशावर बसली आहेत आणि आपण त्यांच्याकडे जातो आहोत, ही भीती मी दरीच्या कडेलाही भोगली नव्हती. स्वतः पडण्याची भीती परवडली. मला ओरडायचं होतं, पण माझा हॉर्न कुणीतरी दाबावा लागतो.

दीपालीने मान वर केली आणि बाजूचा विजेचा खांब मागे सरकताना तिला दिसला. "तात्या, गाडी चालली!"

तात्यारावांनी डोळे उघडले. अनवाणी पाय ब्रेकवर पडला, पण पेडल दगडासारखं घट्ट. त्यांनी दांडा आणखी ओढला. कट, कट. "ओढलाय गं! ओढलाय मी!" ते पुन्हा पुन्हा ओढत राहिले. आयुष्यभर ज्याने दगा दिला नाही, त्याच्यावरून हात कसा निघावा?

"तो खोटा आहे, तात्या! कशालाच जोडलेला नाही! गिअर टाका!"

त्यांनी क्षणभर त्या दांड्याकडे पाहिलं. मग त्यांच्यातला जुना चालक जागा झाला. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. बंद इंजिनाने चाकं धरली आणि मला असा हिसका बसला की तसबीर दीपालीच्या अंगावर आली. आणि मी थांबले.

मुलांची रडारड झाली, बाया उठून बाजूला झाल्या. हिराबाई तेवढ्या बसून राहिल्या. त्यांना उठताच येईना. माझा बंपर त्यांच्या पाठीला टेकला होता आणि मागे पसरलेला पांढरा पदर माझ्या चाकाखाली होता.

दीपाली उडी मारून आली आणि आईच्या गळ्यात पडून रडू लागली. हिराबाई म्हणाल्या, "आधी माझा पदर सोडवा. मग रडायचं ते रडा."

दत्तोबांनी चाकांखाली दगड लावले. पदर सोडवला. सगळे पुन्हा बसले आणि वंदना पूर्ण झाली, पण या वेळी कुणी डोळे मिटले नाहीत.

नंतर तात्याराव माझ्या पायरीवर बसले. दीपाली समोर उभी होती.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून ठेवला," ती म्हणाली.

"वाटलं असतं," तात्याराव म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. मग जेवलो असतो. पोरी, वाईट वाटून माणूस मरत नाही."



दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा गॅरेजमध्ये गेले. मागच्या चाकांना खरा हँडब्रेक बसला. खोटा दांडा दीपालीने स्वतः कापून काढला आणि तात्याराव शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि तिनेही समजूत काढली नाही. नवा ब्रेक ओढला की मुळीच वाजत नाही. पहिले काही दिवस तात्याराव तो ओढून खाली उतरायचे आणि दोन्ही हातांनी मला ढकलून बघायचे. मी हलत नसे, तरीही ते चाकाखाली दगड ठेवायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला तर ते दगडच आवडतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना नवं रूप देताय, तर जरूर द्या. आम्हाला भंगारात जायची हौस नाही. कापा, जोडा, बदला, आम्ही सोसू. पण आमच्यातलं काय काढून टाकलं आहे, ते घरच्यांना स्पष्ट सांगा, म्हाताऱ्यांना तर आधी सांगा. त्यांचा चेहरा उतरेल, उतरू द्या. आमच्यासमोर कुणीतरी पाठ करून बसणार असतं. त्याने डोळे मिटायच्या आत त्याला खरं कळू द्या.